पेरायचं नाही म्हणे, मग बी जगवायचं कसं?

हिमाचल सरकारने जानेवारी २०२५ मध्ये भांगेच्या लागवडीच्या पायलट प्रोजेक्टला मंजुरी दिली, पालमपूरचं कृषी विद्यापीठ आणि नौणीचं फलोत्पादन विद्यापीठ यांच्याकडे काम सोपवलं, आणि तेव्हापासून आपल्याकडेही तोच जुना वाद परत पेटलाय. एक गट म्हणतो शंकराचा प्रसाद आहे, परदेशी दबावाखाली बंदी आली, लीगल करून टाका, करोडोंचा महसूल येईल. दुसरा गट म्हणतो पोरं आधीच हाताबाहेर गेलीत, अजून काय बघायचं राहिलंय. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता की कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही तर मला दोन एकर गांजा लावायची परवानगी द्या, तेव्हाही हेच झालं, निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निम्म्यांनी स्टंट म्हणून सोडून दिलं. मी दोन्ही बाजूंचं वाचतो, मनापासून वाचतो, आणि दरवेळी वाटतं की अरे, भांग म्हणा, गांजा म्हणा, झाड एकच, पण ज्या झाडावरून भांडताय त्या झाडाचं बियाणं कुठंय, कुणाकडंय, किती उरलंय हे कुणीच कसं विचारत नाही?

तर माझं म्हणणं आधीच सांगतो. नशेसाठी गांजा खुला करायचा की नाही हा वाद चालू राहू दे, त्यात माझं मत आत्ता महत्त्वाचं नाही. पण या देशात पिढ्यान्‌पिढ्या पेरून, निवडून, परत पेरून जी गावरान वाणं तयार झालीत, कुमाऊँ-गढवालची, कुल्लू-मलाणाची, केरळातल्या इडुक्कीची, आंध्र-ओडिशाच्या घाटातली, ती लागवडीची लायसन्सं वाटायच्या आधी सरकारी देखरेखीखाली गोळा करून, दर काही वर्षांनी पेरून जपली पाहिजेत. आणि हे गांजाबंदीच्या कट्टर समर्थकालाही पटायला पाहिजे, का ते पुढे येतंच.

आधी कायदा बघू, कारण गंमत म्हणून नाही तर खरंच हा गुंता कुणी नीट सांगत नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती या व्याख्येत येतच नाहीत, म्हणून तर उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा खात्याने भांगेचं बी आणि बियांचं तेल अन्नपदार्थ म्हणून मान्य केलं, आज ते पाकिटात विकत मिळतं. म्हणजे बी जवळ ठेवता येतं, खाता येतं, विकता येतं. पण तेच बी परवानगीशिवाय मातीत टाकलं की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आता ज्याने कधी घरचं बियाणं सांभाळलंय त्याला विचारा की यात अडचण काय. माझी आजी वालाचं, दोडक्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि दरवर्षी त्यातलं पेरायचीच, कारण बी मेलं की वाण गेलं. भांगेचं बी तेलकट असतं, घरातल्या साध्या डब्यात चार-दोन वर्षांत त्याची उगवण कमी होत जाते. पेरल्याशिवाय ते टिकतच नाही. मग ठेवायला परवानगी आणि पेरायला बंदी याचा अर्थ काय झाला? वाण मारायचं, फक्त सावकाश.

मी काही वर्षांपूर्वी उत्तराखंडात बागेश्वरच्या बाजूला एका घरी जेवलो होतो. बटाट्याच्या परतलेल्या फोडी आणि सोबत भांगेच्या बियांची चटणी, बी भाजून, लिंबू-मिरची घालून पाट्यावर वाटलेली. बियांत नशा नसते, आपल्याकडे कारळाची चटणी असते तसा तो प्रकार आहे. त्या घरातल्या आमांनी (तिकडे आजीला आमा म्हणतात) आतून एक पत्र्याचा डबा आणून दाखवला, करडं-तपकिरी ठिपक्याठिपक्यांचं बी. म्हणाल्या हे सासूकडून आलेलं, पूर्वी याच्याच वाखाचे दोर वळायचो. मुलाने मात्र मध्येच सांगितलं की आता आम्ही पेरत नाही, पटवारी आला की कटकट. (तिकडच्या डोंगरी गावांत पोलिसांचं काम कित्येक ठिकाणी पटवारीच बघत आलाय.) तो डबा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आता कुणी म्हणेल की उत्तराखंडने तर २०१८ मध्येच लायसन्स दिलं, देशात पहिलं राज्य, मग अडचण काय? अडचण ०.३. भांगेच्या झाडात नशा आणणारं जे द्रव्य आहे, टीएचसी, ते ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलेलं झाडच कायदेशीर, अशी अट. आणि तिथलं डोंगरातलं देशी झाड या मापात बसत नाही. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर हे झाड आपोआप उगवतं त्याला सांगितलं गेलं की तुझं चालणार नाही, कमी नशेचं सर्टिफाइड बी आण. ते बी असतं बहुतेक युरोपातलं, पंचेचाळीस-पन्नास अक्षांशावरच्या लांबलचक उन्हाळी दिवसांसाठी तयार केलेलं. ते आपल्या छोट्या दिवसात पेरलं की रोप लहान असतानाच फुलोऱ्यावर येतं, ना धड वाख ना धड बी.

हे ०.३ आलं कुठून? १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी भांगेचं वर्गीकरण कसं करावं यावर एक पेपर लिहिला, स्मॉल यांनी कॅनडात ओटावाला झाडं वाढवून मोजमाप केलं होतं, आणि त्यांनी एक सोयीची रेघ ओढली, ०.३ च्या खाली एक गट, वर दुसरा. रेघ सोयीची आहे, निसर्गातली नाही, हे त्यांनीच स्पष्ट सांगितलं होतं. वर्गीकरणासाठी ओढलेली ती रेघ पुढे एकेका देशाच्या कायद्यात शिरली. युरोपात बरीच वर्षं ०.२ होतं, २०२३ पासून ०.३ केलं. स्वित्झर्लंडमध्ये १ टक्का आहे. म्हणजे आकडा काही दगडावरची रेघ नाही. मग ओटावाच्या शेतातला आकडा पिथौरागढच्या झाडाला लावायची आपल्याला कोणती सक्ती आहे?

विदर्भातल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. आपल्याकडचा देशी कापूस, आखूड धाग्याचा, कोरडवाहू, किडीला दाद न देणारा. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता म्हणून इंग्रजांनी अमेरिकन कापूस आणून रुजवायचा किती खटाटोप केला. माप गिरणीचं होतं, मातीचं नव्हतं. तरी स्वातंत्र्याच्या वेळी देशातलं जवळजवळ सगळं कापूसक्षेत्र देशी होतं. मग संकरित वाणं आली, २००२ मध्ये बीटी आलं, आणि आज देशी कापूस शोधायला जावं लागतं. बोंडअळी परत आली, पांढरी माशी आली, पाऊस बेभरवशाचा झाला, तेव्हा आता आपण म्हणतोय की अरे त्या देशी कापसात काय काय गुण होते. निदान नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत त्याचं बियाणं सांभाळलेलं आहे, शास्त्रज्ञ उघडपणे त्यावर काम करू शकतात. भांगेच्या बाबतीत आपण मापही बाहेरचं आणतोय, बीही बाहेरचं आणतोय, आणि मागे सांभाळून ठेवायचं राहूनच चाललंय.

आणि इथे कापसापेक्षा धोका मोठा आहे. कापसाचं फूल बरंचसं स्वतःच फळतं. भांगेची नरझाडं वेगळी, मादीझाडं वेगळी, आणि परागकण वाऱ्यावर. मोरोक्कोच्या रिफ डोंगरातल्या भांगेचे परागकण समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनमध्ये मोजले गेलेत! मग एका दरीत कंपनीने शंभर एकर युरोपियन भांग लावली तर शेजारच्या दरीतलं गावरान वाण किती पिढ्या शुद्ध राहील? एकदा मिसळलं की वेगळं करता येत नाही. म्हणून मी म्हणतोय की आधी गोळा करा, मग लायसन्सं वाटा. क्रम उलटा झाला तर नंतर पैसे असूनही उपयोग नाही.

आता समोरच्यांचं. त्यांचे मुद्दे हलके नाहीत आणि ते हलके आहेत असं दाखवणारी लीगलवाली मंडळी मला अजिबात आवडत नाहीत. गांजाने काही होत नाही हे खोटं आहे. कमी वयात, रोज, जास्त टीएचसीचा माल ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे अभ्यासांत परत परत दिसलंय, आणि ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्यांना शंकराचा प्रसाद वगैरे ऐकवणं हा क्रूरपणा आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला २०१९ चा सर्व्हे सांगतो की देशात साधारण ३.१ कोटी लोक वर्षभरात भांग-गांजा-चरस यातलं काहीतरी घेतात. थायलंडने जून २०२२ मध्ये गाडी सोडून दिली, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावं लागलं. हे सगळं मान्य. पण यातला कुठला मुद्दा बियाणं जपण्याच्या विरोधात जातो? बाजारातला सगळ्यात जहाल माल बनतो तो निवडून निवडून टीएचसी चढवलेल्या आधुनिक संकरातून. उद्या तुम्हाला नशा नसलेलं आणि तरीही आपल्या पावसात, आपल्या दिवसमानात, आपल्या बुरशीत टिकणारं देशी वाण तयार करायचं असेल, वाखासाठी, बियांसाठी, औषधासाठी, तर त्याचा कच्चा माल हेच गावरान बी आहे. नशेच्या विरोधात असलेल्याला तर हे बी जास्त लागणार आहे.

दुसरा मुद्दा, जपणुकीच्या नावाखाली लोक गांजाच पिकवतील. पिकवतील काहीजण, मीही नाही म्हणत नाही. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या बाजूला पिकांच्या आड लावलेला गांजा पोलिस दरवर्षी उपटतात, मागणी आहे तोवर लावणारे आहेत. पण याच देशात अफू सरकारच्या लायसन्सवर पिकते की. नीमच, मंदसौर, चित्तोडगड, मोजलेले पट्टे, मोजलेला चीक, ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स ब्युरोची देखरेख. त्यातूनही थोडी गळती होते, पण म्हणून अफू बंद केली का? नाही, कारण मॉर्फिन लागतं. गांजापेक्षा कितीतरी घातक पीक हजारो शेतकऱ्यांच्या शेतात सांभाळता येतं तर विद्यापीठाच्या कुंपणात भांगेचे दहा-वीस प्लॉट सांभाळता येणार नाहीत? जम्मूला सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या) संस्थेत औषधासाठी कुंपणातली लागवड चालूच आहे. आणि एनडीपीएसमध्ये वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी वाट आहे, वाख-बियांसाठी कलम १४ आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही वाख आणि बियांच्या लागवडीला सूट आहे. नवा कायदा लागतच नाही, असलेला वापरायची इच्छा लागते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. जाणकार लोक म्हणतात की अहो हे तण आहे तण, हिमालयाच्या पायथ्यापासून रेल्वेच्या रुळांपर्यंत उगवतं, दरवर्षी उपटून संपत नाही, त्याला कसलं संरक्षण? आणि ज्याला तुम्ही शुद्ध गावरान म्हणता ते तसं उरलंय कुठे, मलाण्यात तर परदेशी पाहुण्यांबरोबर परदेशी बीसुद्धा कधीच येऊन पोचलं. यातलं दुसरं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे आणि ‘मूळ हिमालयन बी’ म्हणून ऑनलाइन जे विकलं जातं त्यावर मी दमडीचा विश्वास ठेवणार नाही. पण रानटी भांग उदंड आहे म्हणून पिकातली वाणं सुरक्षित आहेत हे म्हणणं म्हणजे ओढ्याकाठी देवभात, म्हणजे रानटी भात, उगवतो म्हणून आंबेमोहोराची काळजी नको म्हणण्यासारखं झालं. वाण हे माणसाच्या निवडीतून होतं, उंच झाडाचं बी ठेव, लवकर पिकणाऱ्याचं ठेव, ओलाव्यात न सडणाऱ्याचं ठेव, ही निवड थांबली की दोन-तीन पिढ्यांत वाण रानटीत विरघळतं. मॅकपार्टलंड आणि तेच अर्नेस्ट स्मॉल यांनी २०२० मध्ये दक्षिण आशियातल्या आणि अफगाण भागातल्या जुन्या वाणांचं वर्गीकरण केलं तेव्हा ही वाणं संकरामुळे नामशेष व्हायच्या वाटेवर आहेत असं स्पष्ट लिहिलं. २०२१ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात तर असं दिसलं की भांगेचा खरा जंगली पूर्वज बहुधा आता उरलेलाच नाही, म्हणजे जे काही मूळ धन आहे ते या जुन्या वाणांत आणि त्यांच्या रानात पसरलेल्या भावंडांतच. मग थोडं मिसळलंय म्हणून सोडून द्यायचं की अजून मिसळायच्या आत पळायचं?

मोरोक्कोचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. रिफच्या शेतकऱ्यांचं जुनं वाण, बेल्दिया, कमी पाण्यावर येणारं. मग जास्त उताऱ्याची परदेशी संकरित वाणं शिरली, त्यांना पाणी ढसाढसा लागतं, विहिरी खोल गेल्या, आणि बेल्दिया मागे पडलं. २०२१ मध्ये तिथे वैद्यकीय-औद्योगिक लागवडीचा कायदा झाला आणि पुढे २०२४ मध्ये बेल्दियाच्या लागवडीलाही अधिकृत परवानगी मिळाली. त्याच वर्षी राजाने बेकायदा लागवडीच्या ४,८३१ शेतकऱ्यांना माफी दिली. ओढण्याचा गांजा तिथे आजही लीगल नाही बरं का! म्हणजे नशा बंद ठेवून स्वतःचं वाण वाचवता येतं, एका देशाने आपल्या डोळ्यांसमोर केलंय.

उलट उदाहरण पूर्वेला आहे. नौगाव, आजच्या बांगलादेशात. तिथे सरकारी नियंत्रणाखाली गांजा पिकायचा, शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी होती, आणि नरझाड ओळखून काढणारा खास माणूस असायचा, पोद्दार, इंग्रज त्याला गांजा डॉक्टर म्हणायचे. १९८० च्या दशकाच्या शेवटी ती शेती बंद झाली. बंद करायला माझी हरकत नाही, तो त्या देशाचा निर्णय. पण एवढ्या पिढ्यांचं निवडलेलं वाण आणि ते ओळखणारी नजर, दोन्ही एकदमच गेलं.

आणि हे फक्त डोंगरातल्या लोकांचं दुखणं आहे असं समजू नका. १८९३-९४ च्या इंग्रजांच्या भांग-गांजा आयोगाच्या अहवालात मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या शेतीत अहमदनगरचं नाव आहे. वेरूळच्या लेण्यांच्या लिंपणात भांगेचा तूस मिसळलेला आहे आणि त्यामुळे ते कीड-ओलाव्यात दीड हजार वर्षं टिकलं असं पुरातत्त्व खात्याचे एक रसायनतज्ज्ञ आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले एक वनस्पतितज्ज्ञ यांनी २०१६ मध्ये दाखवलं, आणि जुळवून बघायला त्यांनी भांगेची झाडं आणली होती त्यातली काही जालन्याजवळची. म्हणजे वेरूळपासून जालन्यापर्यंतच्या या पट्ट्यात ही वनस्पती तेव्हाही होती आणि आजही आहे. तुळशीत भांग म्हणून आपण तिला शिवी देतो, कुमाऊँकडेही ‘तुझ्या घरात भांग उगवो’ असा शाप देतात, पण त्याच घरात तिचा दोर आणि तिचीच चटणी असायची.

आपल्याकडे बियाण्याचं मोल कळत नाही असंही नाही. त्याच नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरेंनी घरात भाताची, वालाची, भाज्यांची देशी वाणं जपली आणि २०२० ची पद्मश्री मिळवली. हळदीचं पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये दिलं तेव्हा माशेलकरांच्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं, आणि ते जमलं कशामुळे, तर हळदीचा वापर आपल्याकडे लिहून ठेवलेला होता. भांगेचं काय? परदेशातल्या बियाणं कंपन्या आपल्या नावाजलेल्या वाणांच्या जाहिरातीत बिनधास्त लिहितात की याची आई केरळची, याचा बाप हिंदुकुशचा. आपल्या जैवविविधता कायद्यात लाभातला वाटा मागायची सोय आहे, पण मागणार कशाच्या जोरावर, त्या दरीतल्या त्या वाणाचा नमुना आपल्याकडे नोंदवलेलाच नसेल तर? आंध्र पोलिसांच्या ऑपरेशन परिवर्तनमध्ये तिथल्या एजन्सी (आदिवासी डोंगरी) भागातलं हजारो एकर पीक उपटलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये अनकापल्लीजवळ दोन लाख किलो गांजा जाळला. जाळा, तस्करीचा माल होता. पण उपटायच्या आधी प्रत्येक टेकडीवरचं मूठभर बी पाकिटात घालून गावाचं नाव लिहून दिल्लीला पाठवायला काय लागत होतं?

दिल्लीत पुसाला राष्ट्रीय जनुक बँक आहे, उणे १८ अंशांत लाखो नमुने आहेत. तिथे एक भाग ठेवा. पण तेवढ्यावर भागणार नाही, कारण थंडीतलं बीसुद्धा कधीतरी काढून पेरावं लागतं, आणि या झाडाचं वाण दोन-चार रोपांत मावत नाही, शे-दोनशे झाडं, नर-मादी मिळून, दुसऱ्या भांगेपासून काही किलोमीटर लांब अशी लावावी लागतात तेव्हा त्यातलं वैविध्य टिकतं. म्हणून त्याच दऱ्यांमध्ये, ग्रामसभेच्या नावावर, विद्यापीठाच्या देखरेखीखाली राखीव प्लॉट पाहिजेत, आणि त्या दऱ्यांत बाहेरचं बी पेरायला सक्त मनाई पाहिजे. शेतकऱ्यांची वाणं म्हणून २००१ च्या वाण-संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंद करता येते का ते तपासा, गावाच्या जैवविविधता नोंदवहीत लिहा. टीएचसीची मर्यादा त्या त्या भागातल्या झाडाचं मोजमाप करून ठरवा. हिमाचलचा पायलट प्रोजेक्ट आत्ताच चालू आहे, तिथल्या दोन्ही विद्यापीठांना हे सांगायची वेळ आत्ताच आहे, बाहेरच्या बियाण्याच्या ऑर्डरी गेल्यावर नाही.

डोंगरात भांगेचं बी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकतं. बागेश्वरच्या त्या डब्यातलं बी मी बघितलं तेव्हाच दोन वर्षांचं होतं.